चालवण्याची सवय

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी काकांनी नवी गाडी घेतली. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोन बस बदलून जायचं म्हणजे दीड तास. गाडी आल्यापासून काका-काकू रोज सकाळी तिच्याकडे जायचे, दिवसभर बाळं सांभाळायचे आणि ऊन उतरायच्या आत घरी परतायचे.

सातव्या महिन्यात ब्रेक ओरडायला लागले. गाडी चौकात थांबली की कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा बाजूला धरून उभा राहायचा.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला.

"काका, पुढचे पॅड पार संपलेत. नऊ हजार किलोमीटरला. कारण खाली लिहिलंय."

"तुम्हीच वाचा. तुमच्या तोंडून ऐकू दे."

मुलीने वाचलं, "चालवण्याची सवय."

काकांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"एकतीस वर्षं बस चालवली मी. उभ्या माणसाच्या हातातला चहा कधी हिंदकळला नाही. डेपोत मला लोण्या म्हणायचे. आणि माझी सवय तुम्ही काढता?"

"मी नाही हो काका. सिस्टिममध्ये तसं आलंय."

"मग सिस्टिमला बाहेर बोलवा."

"बोलव बाळ कुणाला तरी," काकू म्हणाल्या. "नाहीतर हे इथेच अंथरूण घालतील."

पॅडचं काकांना एवढं नव्हतं. पण हा शेरा गाडीच्या नोंदीत राहिला की कधीतरी जावयाच्या नजरेला पडणार. जावयाने मागे एकदा हसत हसत विचारलंच होतं, "बाबा, आता ड्रायव्हर ठेवायचा का?" हसत विचारलं तरी विचारलंच. चावी गेली की रोजचं जाणं गेलं. मग नातवंडं महिन्यातून एकदा, पाहुण्यासारखी.

फोरमन झिजलेला पॅड फडक्यात घेऊन आला. काकांनी त्यावर अंगठा फिरवला.

"पत्रा झालाय. सात महिन्यांत? हा माल विकताना तुम्हाला लाज वाटत नाही?"

"माल सगळ्यांना तोच आहे, काका. बाकीच्यांचे तीस हजार सहज जातात. तुमचे ब्रेक एका किलोमीटरला दहा-बारा वेळा दाबले जातात. आम्हाला दिसतं ते मशीनवर."

"शहरात गाडी चालवतो मी. माळरानावर नाही."

"बरं, आपण एक चक्कर मारू. मी मागे बसतो."

काकू नेहमीसारख्या काकांच्या शेजारी बसल्या आणि गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांचं तोंड सुरू झालं.

"हा बघा, आला मेला गतिरोधक. हाडं खिळखिळी करतो." काकांनी ब्रेक दाबला. पॅड कण्हले. "सिग्नल लागला वाटतं लाल. शाळेची पोरं किती शहाणी, ओळीने ओलांडतायत. गेली हो सगळी. आता तो टेम्पोवाला मध्येच वळणार, बघाच तुम्ही. बघा, वळला की नाही?"

"काका, तुम्हाला रेडिओची गरज नाही," फोरमन म्हणाला.

"पंचेचाळीस वर्षं हेच स्टेशन लागतंय," काका म्हणाले.

पुढच्या वळणाला ब्रेक पुन्हा किंचाळले. फोरमन पुढे वाकला.

"काकू, जरा वेळ शांत बसाल? आवाज उजवीकडून येतोय की डावीकडून, ते ऐकायचंय मला."

काकू गप्प झाल्या.

काकांनी गाडी होती तिथेच, भर रस्त्यात उभी केली. मागे हॉर्न वाजू लागले.

"हिला गप्प बसवणारे तुम्ही कोण?"

"अहो काका, मी फक्त..."

"आधी म्हणे मला गाडी चालवता येत नाही. आता म्हणे हिने बोलायचंही नाही. माझ्या गाडीत माझ्या बायकोला तोंड मिटायला सांगता? पॅड खराब तुमचे, आवाज तुमच्या पॅडचा आणि गप्प कोण बसणार तर ही? माफी मागा तिची."

हॉर्न वाढत गेले. फोरमनने माफी मागितली.

"जाऊ द्या हो," काकू म्हणाल्या. "चला आता. पुढे मोकळंच आहे."

गाडी हलली.

परत आल्यावर फोरमनने मॅनेजरला सांगितलं, "म्हातारा भांडखोर आहे. पण बायकोवर जीव आहे त्याचा."

काकांनी तेवढ्यावर सोडलं नाही. तीन आठवड्यांत कंपनीला चार पत्रं गेली. काका खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे, काकू लिहायच्या आणि तापलेले शब्द आपल्या मनाने निववून घ्यायच्या. 'चोर' असेल तिथे त्या 'संबंधित अधिकारी' लिहायच्या. चौथ्या पत्रानंतर मॅनेजर कंटाळला. नवे पॅड बसले. शेरा खोडून त्या जागी 'सुट्या भागातील दोष' असं आलं. काकांनी ते काउंटरवरच्या मुलीकडून दोनदा वाचून घेतलं, आणि त्या संध्याकाळी जावयाला फोन करून तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवलं.

पाच महिन्यांनी त्याच मुलीचा फोन आला.

"काका, नव्या पॅडची नोंद घ्यायचीय. ब्रेक वाजतात का आता?"

"नाही."

"बघा. म्हणजे तुमचंच खरं होतं. आमचेच पॅड खराब निघाले."

"तुमचे पॅड चांगले होते, पोरी. खोडलेलं परत लिही. आणि गाडी न्यायला माणूस पाठव, विकायचीय."

"का हो काका? काय झालं?"

"गाडी घेतली त्याच्याही आधीपासून मला समोरचं दिसत नाही. ती सांगायची, मी ब्रेक दाबायचो. ती गेली, या महिन्याच्या अकरा तारखेला, सोमवारी सकाळी."