ओव्हनवर पहारा

मी अग्निशमन दलात पस्तीस वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्याच घरात दोनदा गॅसवर पातेलं जाळलं. लेक म्हणाली, "बाबा, आता तिसऱ्यांदा जळलं की मुकाट्यानं माझ्याकडे राहायला यायचं." वर एक ओव्हन आणून दिला, वेळ लावली की आपोआप बंद होणारा. रविवारी येऊन बघते म्हणाली.

आता मशीनचा काय भरवसा? आमच्या दलात रीतच होती, एकानं आगीवर नजर ठेवायची आणि दुसऱ्यानं त्या एकावर. म्हणून रविवारी बंबाच्या जुन्या ड्रायव्हरला बोलावलं. गडी वाळूची बादली घेऊनच आला. बटाटे चिरले, तेल-मीठ चोळलं, पंचेचाळीस मिनिटं लावली. मी स्टूल टाकून ओव्हनच्या उलट्या पळणाऱ्या आकड्यांवर डोळे लावून बसलो, आणि तो माझ्यावर. लेक आली ती दारातच हाताची घडी घालून उभी राहिली.

"डुलकी लागतेय तुला," ड्रायव्हर म्हणाला.

"तू गप बस आणि बघ."

बरोबर वेळेला घंटी वाजली आणि ओव्हन आपला आपण बंद झाला. ना धूर, ना वास. मी छाती फुगवून दार उघडलं. आत नुसती गरम हवा. बटाटे ओट्यावर, तसेच कच्चे.



लेक म्हणाली, "पास झालात, बाबा. रोज असाच स्वयंपाक करत जा, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."