रेडिओच्या सहा फेऱ्या

वर्गात तिला सगळे रेडिओ म्हणत, आणि बडबडीपायी निम्मे तास ती वर्गाबाहेरच उभी असायची. मैदानावरच्या सहा फेऱ्यांच्या शर्यतीत मात्र गेली चार वर्षं दुसऱ्याच फेरीत तिची बोलती बंद व्हायची. पहिली फेरी जीव तोडून पळायची आणि मग पोट धरून कडेला बसायची. दोरीच्या उड्या झाल्या, पहाटेचं उठणं झालं, उपयोग शून्य.

यंदा खेळाचे सर म्हणाले, "शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळ. धाप लागली तर वेग कमी कर, पण थांबू नकोस."

बोल, असं तिला शाळेत पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. दोन महिने ती रोज इतिहासाचे धडे मोठमोठ्याने म्हणत पळाली.

शर्यतीच्या दिवशी ती सहावी फेरी संपवून आली, तेव्हा वर्गशिक्षिका रेषेपाशीच उभ्या होत्या. "पळतानासुद्धा तोंड चालूच होतं ना गं तुझं?"

"पाचव्या फेरीपर्यंतच, बाई," ती म्हणाली. "सहावीला बोलायला शेजारी कोणी उरलंच नव्हतं."