मोगऱ्याच्या कळ्या

"व्हिसाच्या अर्जाचा निकाल लागण्याआधीच तू देश सोडलास, म्हणून अर्ज रद्द. नवीन करायचा. पाच महिने लागतील," परदेशातल्या आमच्या घरून नवरा फोनवर सांगत होता. वडील गेल्याचं कळताच मी एकटीच नाशिकला धावले होते. आठ महिन्यांच्या लेकीचा पासपोर्ट तिच्या अर्जासोबत जमा होता, म्हणून तिला त्याच्याजवळ ठेवावं लागलं. माझ्या अर्जाची शिक्का मारलेली पावती आहे ना, परत येता येईल, असं आम्ही धरून चाललो. दुधाने छाती दगडासारखी झालेली. आईने मळ्यातल्या मोगऱ्याच्या कळ्या फडक्यात घालून छातीला बांधायला घेतल्या. "दूध आटंल यानं." "मग परत गेल्यावर तिला काय पाजू?" "तवर भाकर मागंल ती, बाई." मी नवऱ्याला व्हिडिओ लावायला सांगितलं. लेक बाटली पीत होती. मला पाहून तिने बाटली टाकली आणि उघडं तोंड स्क्रीनला लावलं. कळ्या भिजल्या. गाठीवर आईचे हात थांबले. "ओढ घट्ट," मी म्हणाले.