अक्रोडाचं कासव

प्याद्याला आता एकच घर उरलं होतं.

त्सियालानं डोळे मिटले. झुग्दिदी गावावर सकाळपासून धुकं उतरलं होतं. अंगणातल्या झाडाची केशरी फळं त्या धुक्यात दिव्यांसारखी तरंगत होती. चुलीवर द्राक्षांचा रस आटत होता. त्या गोड वाफेत तिला प्यादं चालताना दिसलं. अनवाणी, पाठीवर गाठोडं, एकेक घर मागे टाकत. वेशीपाशी कुणीतरी त्याला विचारलं, काय व्हायचंय तुला? सगळे वजीर म्हणतात. हे जरा लाजलं आणि म्हणालं, कासव.

आपला तिरका चालणारा उंट तिकडे कासव असतो, आणि हत्ती रथ. गावच्या बुद्धिबळ क्लबात त्सियालाला थट्टेनं 'वजीरचोर' म्हणत. तिनं रचलेल्या कोड्यांत प्यादं टोकाला पोचायचं, पण वजीर कधीच व्हायचं नाही.

"देदा," तिनं डोळे उघडून हाक मारली. "जमलं बघ माझं कोडं. ये, सोडव."

देदा म्हणजे आई. पण तिकडच्या आया मुलींनाही लाडानं त्याच नावानं हाक मारतात, त्यामुळे या घरात दोघीही देदाच होत्या. तिची मुलगी नेस्तान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून दोऱ्यात अक्रोड ओवत होती. या माळा मग रसात बुडवून वाळवायच्या होत्या.

"मला नको. हात चिकट आहेत."

"हातानं कोण सांगतंय? डोळ्यांनी सोडव."

नेस्तान एकेकाळी गावच्या संघात पहिल्या पटावर बसायची. वसंतात नवऱ्याचं घर सोडून ती आईकडे परत आली, तेव्हापासून पटाला शिवली नव्हती. पुढ्यात येईल ते खायची. आई सांगेल तेव्हा झोपायची. आज मात्र तिनं मान वळवून पटाकडे पाहिलं.

"कासव," ती म्हणाली.

"अगं, नीट बघ तरी."

"बघितलं. वजीर केलास तर काळ्या राजाला शह नाही, आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत. रथ केलास तरी तेच. कासव नुसतं तिरकं बघतं, म्हणून राजाच्या शेजारचं एक घर मोकळं राहतं. राजा तिथं जातो, आणि मग सापडतो."

हा पट त्सियालानं सासरी येताना आणला होता. त्यातलं एक कासव केव्हाच हरवलं होतं. नेस्ताननं समोरच्या टरफलांतून अर्धा अक्रोड उचलला आणि प्याद्याच्या जागी पालथा ठेवला. खरंच कासवासारखा दिसत होता.

त्सियालाचा चेहरा उजळला. "म्हणजे विसरली नाहीस. मी तेच सांगितलं ओतियासाहेबांना, फोनवर."

"कधी?"

"सकाळी, तू झोपली होतीस तेव्हा. त्यांच्या बातुमीच्या क्लबात मुलींना शिकवायला कुणीतरी हवंय. त्यांना आजच्या आज ठरवायचंय. मी हो म्हणून टाकलं. राहायचं मावशीकडे. सोमवारच्या बसमध्ये जागा धरलीय. तुझा निळा कोटही शिंप्याकडे टाकलाय, बाह्या विरल्या होत्या."

"मुलींना काय शिकवायचं, तेही ठरलंय का?"

"सुरुवातीला डावांचे शेवट घे. सोपे पडतात."

नेस्तान हसली नाही. तिनं दोरा खाली ठेवला. पटावरचं अक्रोडाचं कासव उचललं, त्या जागी वजीर ठेवला आणि कोपऱ्यातल्या काळ्या राजावर बोट टेकवलं.

"माझी चाल आहे, देदा. कुठं जाऊ?"

त्सियाला पटाकडे बघत राहिली. प्रत्येक घर तिनंच हेरलं होतं. एकेक वाट तिनंच बंद केली होती, इतकी नेटकी की फट कुठं नव्हती. चुलीवर रस उतू जाऊ लागला. दोघीही उठल्या नाहीत.

मग त्सियाला उठली ती फोनपाशी गेली.

"बातोनो ओतिया, त्सियाला बोलतेय. सकाळी मी हो म्हटलं, ते मागे घेते. नाही, ती नाही म्हणालेली नाही. ती काहीच म्हणालेली नाही. विचारलंच नव्हतं तिला." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. "हो, कळतंय. दुसरी बाई संध्याकाळपर्यंत थांबणार नाही, हेही कळतंय. नेमा मग तिला. मी आता काही सांगू शकत नाही."

ती परत येऊन खुर्चीत बसली. नेस्तान आतल्या खोलीत निघून गेली होती.

धुकं खिडकीला येऊन टेकलं. त्सियालाला वाटलं, आत जावं आणि सांगावं, अजूनही वेळ आहे, मी परत लावते फोन. तिच्या तोंडापर्यंत 'देदा' आलं. तिनं ते गिळलं. शाल डोक्यावरून ओढली, हातपाय शालीच्या आत घेतले आणि तशीच बसून राहिली. बाहेर केशरी दिवे एकेक करून विझत होते.

आतल्या खोलीतून पावलं वाजत आली. फोनची तबकडी फिरली, थांबली, पुन्हा फिरली. त्सियालानं मान वळवली नाही. वजीर उचलून तिनं हळूच अक्रोड जागेवर ठेवला.

"बातोनो ओतिया? नेस्तान बोलतेय. आईनं काय सांगितलं ते सगळं राहू द्या, आता माझं ऐका."