टिपाडावरची सावली

पाण्याचं टिपाड आठवड्यातून एकदा उपडं करून कोरडं ठेवायचं, हे सासरे वारल्यापासून एकट्याच राहणाऱ्या दिंद्रुडच्या सुंदरबाईंना काही केल्या पटत नव्हतं. शेवटी आरोग्य खात्याची आशाताई सुरेखा स्वतःच पाण्यावर वाकली.

"बघा काकू, सावली पडली की डासांच्या अळ्या बुडी मारतात."

अळ्या सर्रकन तळाला गेल्या.

"लई भित्र्या हायत की!" सुंदरबाई खळखळून हसल्या.

दोघी मागे सरल्या. अळ्या वर आल्या. अंगणात लख्ख ऊन होतं. जवळ ना झाड, ना माणूस.

तरी सगळ्या अळ्या पुन्हा एकदम बुडाल्या.

सुरेखाने वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं.

सुंदरबाईंनी लगबगीने डोक्यावर पदर ओढला आणि हसतच त्या कुजबुजल्या, "थांबा ताई. मामंजींना हातपाय धुवू द्या. मंग करू उपडं."