बरोबरीची सावड

"सावड बरोबरीच्या हातांत व्हते, गौतमी," जया म्हणाली. रोपाच्या वाफ्यात ती उकिडवी बसली होती आणि बोलताना तिचे हात थांबले नव्हते. "आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. पण तुझा दिवस आन् माझा दिवस सारखा हाय का?"

गौतमी वाफ्याच्या कडेला उभी होती. लग्न होऊन मुळशीत आल्यावरची तिची ही पहिलीच भातलावणी. वाडीतल्या बायकांनी सावडीला तिला हसत हसत नकार दिला होता. जयाच्या खाचराला लागूनच तिचं खाचर होतं, त्याच्या निम्मंच. त्यात लावायचं रोप वाफ्यातल्या वाफ्यात जून होत चाललं होतं. आणखी दोन दिवसांनी ते लावून काही उपयोग नव्हता, आणि मग वर्षभर तांदूळ विकत.

"काकू, आजच्या दिवस बघा. न्हाई पटलं तर उद्या तोंड दाखवनार न्हाई."

बांधावर टिलर धुणारा जयाचा नवरा, कैलास, हसला. "घे की! हिचं लावायला तू जा, आन् आपलं ऱ्हायलं तर मी हायेच. लुगडं नेसून येतो."

"तुमी आधी टिलर धुवा," जया म्हणाली. मग गौतमीकडे न बघता, "बस."

दोघी रोप काढू लागल्या. जयाच्या चार मुठी बांधून होईपर्यंत गौतमीच्या तीन होत. जयानं ते पाहिलं. मुठी खाचरात टाकून दोघी लावायला उतरल्या. जया लावत लावत मागं सरत पलीकडच्या बांधाला टेकली तेव्हा गौतमी अजून सुरुवातीच्या बांधापाशीच होती. तिनं लावलेल्यांतली चार-पाच रोपं सुटून पाण्यावर तरंगत होती.

"अगं, लावतीस का पाण्यात सोडतीस?" जया ओरडली. "ऊठ तितनं. जा, वाफ्यात जाऊन बस. रोप काढ नुसतं. माझ्या पायात येऊ नको."

गौतमी चिखलातून पाय उपसत गेली. रडली असेल, पण अंगावर रिपरिप पाऊस होता, त्यामुळे कळलं नाही.

जया वाकली. दरवर्षी ती आधी रोप काढी, मग लावी. दोन्ही कामांत तिच्या हाताला वाडीत तोड नव्हती, म्हणून दोन्ही कामं तीच करी. आता तिनं डाव्या हातातली मूठ संपवली आणि मागं हात नेला. मूठ होती. ती संपवली. पुन्हा हात नेला. पुन्हा मूठ होती. गौतमी वाफ्यातून येई, मुठी टाकी, परत जाई. जयाला उठून वाफ्याकडे जावं लागलं नाही. पाण्यात चिखलाचा थर, थरात बोटं, बोटांत रोप, तेवढंच उरलं.

मागं सरता सरता टाच कशाला तरी लागली. तिनं वळून पाहिलं. बांध होता.

ती सरळ झाली. खाचर भरलं होतं. कुठं काही राहिलंय का, म्हणून तिनं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवली. मग ती बांध ओलांडून गौतमीच्या खाचरात उतरली. तिथं मुठी आधीच पडलेल्या होत्या.

तेही लावून झालं तेव्हा दिवस अजून वर होता. एरवी या वेळी जया स्वतःच्या खाचराच्या मधेच वाकलेली असे. ती हात धुवायचे विसरून उभी राहिली. गौतमी वाफ्यातून आली आणि भीत भीत शेजारी थांबली.

"काय चुकलं का, काकू?"

"तू रोप माझ्याहून जलद काढलंस?"

"छे. तुमच्याएवढं कुटं जमतंय मला?"

"आन् मी आज काय वेगळा हात चालवला न्हाई. रोजचाच हात." जया एकदा आपल्या खाचराकडे, एकदा तिच्या खाचराकडे पाहत होती. "दोन्ही कामांत तू माझ्या मागं. तुझं खाचर लावलं म्हंजे माझा वेळ तुझ्याकडं गेला. व्हय ना?"

"व्हय."

"मग माझं ऱ्हायला पायजे व्हतं."

पाऊस थांबला होता. दोन्ही खाचरांत पाणी निवळत होतं, आणि बारक्या हिरव्या ओळींच्या मधून ढगांचे तुकडे दिसू लागले होते. इतकी वर्षं लावणी करून, ती संपल्या संपल्या आपलं खाचर कसं दिसतं हे जयानं कधी उजेडात पाहिलं नव्हतं.

"मी तुझं काय घेतलं न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली, देवळात बोलावं तशी. "तू माझं काय घेतलं न्हाईस. मग ह्यो वर उरलेला उजेड कुटनं आला गं?"

आणि ती वाकली. पाण्यात हात घालून तिनं नुकतंच लावलेलं एक रोप नुसतं चाचपून पाहिलं.