अल्काची साक्ष

कुडवा गावातल्या घरातलं आजोबांच्या वेळचं चावीचं घड्याळ रत्नपाल दरवर्षी उघडून पुसायचा, तेल द्यायचा. त्या रविवारी बायको अल्का शेजारी टॉर्च धरून बसली होती. त्यानं पहिला स्क्रू काढताच ती म्हणाली, “अवो, पयले स्प्रिंग ढिली करा ना.” “तू मले शिकवून रायली का?” तो खेकसला आणि हट्टानं उरलेले स्क्रू काढू लागला. ताणलेली स्प्रिंग फाडकन सुटली आणि दातेरी चाक उडून अल्काच्या डोळ्यात घुसलं. नागपूरच्या डॉक्टरांना डोळा काढावाच लागला. आठ दिवसांनी दोघं परतली, तेव्हा अल्काचा भाऊ दारातच उभा होता. “कसं झालं, भाऊजी?” रत्नपालच्या आधी अल्काच बोलली, “माह्याच हातून सुटली स्प्रिंग. हे तं नको म्हणत होते.” भावानं रत्नपालच्या खांद्यावर हात ठेवला. “जिवाले लावून घेऊ नका.” रत्नपालनं मान डोलावली.